दातांचे सौंदर्योपचार : आधी काय आणि मग काय?

मागील अंकात दातांच्या स्वच्छतेविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे स्वच्छतेविषयी नव्हती, हसण्याविषयी होती. कोणाला दात पिवळे वाटतात, कोणाला फट खटकते, कोणी फोटो काढताना ओठ मिटून घेते. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून वाचकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय २६ असून चार महिन्यांनी माझे लग्न आहे. साखरपुड्याचे फोटो पाहिल्यापासून मला माझे हसू आवडेनासे झाले आहे. दात थोडे पिवळे आहेत, समोरच्या एका दाताचा कोपरा शाळेत असताना तुटला होता आणि उजवा सुळा जरा वर आणि पुढे आहे. एका डॉक्टरांनी वरच्या दहा दातांना व्हेनिअर बसवून दोन भेटींत काम पूर्ण करून देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्यांनी दीड वर्ष तारा लावाव्या लागतील असे सांगितले. तिसऱ्यांच्या मते दात नुसते साफ केले तरी पुरे. मी कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिघांनी तुमच्या तोंडातील तीन वेगवेगळ्या गोष्टींकडे पाहिले आहे, म्हणून सल्ले वेगळे आले. हसू आवडत नाही ही एक तक्रार वाटते, पण तपासणीच्या खुर्चीवर तिचे तुकडे करावे लागतात. दातांचा रंग, आकार, जागा आणि हिरड्यांची रेषा यांपैकी नेमके काय खटकते ते आधी वेगळे करायचे आणि मग ज्याचा त्याचा उपाय पाहायचा. तुमच्या पत्रात मला रंगाची एक, आकाराची एक आणि जागेची एक अशा तीन तक्रारी दिसतात. त्यांतील रंगाची तक्रार सोडली, तर उरलेल्या दोन्ही एकेका दातापुरत्या आहेत. पत्रावरून निदान करता येत नाही हे खरे. तरीही दहा दातांना हात लावण्याइतके कारण मला यात दिसत नाही, हे स्पष्टपणे सांगते.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा चिनीमातीचा पातळ पापुद्रा. तो बसल्यावर दात जाडजूड दिसू नये म्हणून बहुतेक वेळा दाताचे साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, घासून काढावे लागते. आकडा लहान वाटतो, परंतु समोरच्या पटाशीच्या दाताचे एनॅमल हिरडीजवळ मुळात अर्धा मिलिमीटरही जाड नसते. एनॅमल हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण भाग आहे. मात्र त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. हाड मोडले तर जुळते, कातडी सोलली तर नवी येते, एनॅमलला ती सोय नाही. व्हेनिअर उत्तम बसले तर दहा-पंधरा वर्षे टिकते आणि काही त्याहून अधिकही टिकतात, पण तुमचे वय २६ आहे. म्हणजे हे काम आयुष्यात तीन-चार वेळा पुन्हा करावे लागेल आणि दर वेळी दाताचा थोडा भाग आणखी जाईल. पूर्ण कॅप, म्हणजे सगळ्या दातावर टोपीसारखे बसणारे आवरण, बसवायची असेल तर नुकसान कितीतरी जास्त होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ६३ ते ७२ टक्के, तर व्हेनिअरसाठी ३ ते ३० टक्के भाग कापला जातो असे आढळले होते. दोन भेटींत काम होईल असे सांगणाऱ्यांना तुम्ही एक प्रश्न अवश्य विचारा : ‘हे व्हेनिअरच आहे ना, की व्हेनिअर म्हणून कॅप बसवणार आहात?’ नाव एक आणि काम दुसरे असलेले दात माझ्या दवाखान्यात अधूनमधून दुरुस्तीला येतात, आणि तोपर्यंत दाताच्या जागी बारीक खुंटी उरलेली असते.

आता तुमच्या दातांविषयी. चार महिने हा बराच वेळ आहे. सुरुवात स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यातील दातांच्या सफाईने, करावी. दातांवर चहा-कॉफीचे डाग आणि हिरडीच्या कडेला किटण असेल तर ते निघाल्याशिवाय दाताचा खरा रंगच कळत नाही, आणि काही जणांचे समाधान याच टप्प्यावर होते. तिसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे मी म्हणूनच फेटाळत नाही. त्यानंतरही पिवळेपणा राहिला तर तो दाताच्या आतला आहे. एनॅमल अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचा थर, म्हणजे डेंटीन, मुळातच पिवळसर असतो, त्यामुळे निरोगी माणसाचा दात कागदासारखा पांढरा कधीच नसतो. हा रंग उजळण्यासाठी ब्लीचिंग करतात. तुमच्या दातांच्या मापाचे मऊ पारदर्शक साचे करून देतात, त्यांत दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून ते रात्री दोन-तीन आठवडे लावायचे असते. दवाखान्यात तासाभरात होणारे ब्लीचिंगही आहे, त्यात औषध तीव्र असते आणि हिरड्या झाकून ते लावावे लागते. तुमच्याजवळ वेळ आहे, तेव्हा मी घरच्या पद्धतीला पसंती देईन. या दिवसांत थंड पाण्याने दात शिवशिवतात. उपचार थांबवल्यावर ते काही दिवसांत थांबते. कीड, उघडी मुळे किंवा हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो बरा करावा, आणि गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना ब्लीचिंग टाळावे.

तुटलेल्या कोपऱ्यासाठी काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, पुरेसे आहे. त्याला बहुधा भूलही लागत नाही आणि दात कापावा लागत नाही. एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावून ते सूक्ष्म खडबडीत करतात आणि त्यावर भरण चिकटवतात. ही युक्ती १९५५ सालापासून माहीत आहे. काँपोझिटला पाच-सात वर्षांनी डाग पडतो किंवा कड उडते, परंतु ते तासाभरात दुरुस्त होते. मात्र एक क्रम चुकवू नका. ब्लीचिंग संपल्यानंतर निदान दोन आठवडे थांबूनच काँपोझिट करावे, कारण तोवर दाताचा रंग स्थिरावलेला नसतो आणि औषधाचा अंश राहिल्यामुळे भरण नीट चिकटतही नाही. आधी भरण आणि मग ब्लीचिंग केले तर दात उजळतो, भरण मात्र जुन्याच रंगाचे राहते.

उरला सुळा. दात वेड्यावाकड्या जागी असेल तर त्याचा खरा उपाय तो जागेवर आणणे हाच आहे. व्हेनिअरने तो सरळ असल्याचा देखावा होतो, आणि तोही एका निरोगी दाताचा बराच भाग कापून. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला या अर्थाने बरोबर आहे, परंतु ते काम लग्नापूर्वी पूर्ण होणारे नाही. लग्नानंतर सवडीने तारा किंवा पारदर्शक अलायनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे साचे, लावता येतील, आणि हाड निरोगी असेल तर त्याला वयाची अट नाही. तोपर्यंत रंग उजळला आणि कोपरा भरला, तर तो सुळा तुम्हाला खटकतो का, हे एकदा आरशात पाहावे. माझ्या एका रुग्ण मुलीने पुढे तार लावायचे नाही असे ठरवले, कारण तिच्या आजीचा सुळाही तसाच होता आणि तो घरच्यांना ओळखीचा वाटत होता.

काहीही कायमचे करण्याआधी रंगीत तालीम मागा. काँपोझिट दातावर न चिकटवता नुसते ठेवून अपेक्षित आकार तोंडातच दाखवता येतो, आणि पाहून झाल्यावर ते नखाने सोलावे तसे निघते. गेल्या महिन्यात एका रुग्णाला मी असा नमुना लावून दिला आणि ‘वीस, एकवीस, बावीस, तेवीस’ असे मोजायला सांगितले. ‘व’ म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओलसर काठाला हलकेच टेकावी लागते. तिचा ‘व’ अडखळत होता, ओठ दाताखाली सापडत होता. मी कडेचा जेमतेम अर्धा मिलिमीटर घासला आणि ‘बावीस’ एकदम स्वच्छ आले. दातांची लांबी अशी ओठांवरून ठरते. नटीचा फोटो समोर ठेवून ती ठरवता येत नाही.

व्हेनिअर कधीच करू नये असे माझे म्हणणे नाही. एनॅमल मुळातच सदोष घडलेले असेल, आम्लपित्ताने किंवा वारंवारच्या उलट्यांनी दात झिजले असतील, लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे गडद करडे पट्टे असतील, बाजूचा पटाशीचा दात जन्मतःच खुंटीएवढा असेल, तर व्हेनिअर हा चांगला उपचार आहे आणि तो मी समाधानाने करते. तुमच्या दातांना त्याची गरज असल्याचे पत्रावरून तरी वाटत नाही.

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात राहतो. माझ्या १७ वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग आहेत. गावातील अनेक मुलांचे दात असेच आहेत. लिंबू-मीठ, राखुंडी, वेगवेगळ्या पेस्ट सगळे करून झाले. ती वर्गात तोंडावर हात ठेवून बोलते. सगळ्या दातांना कॅप बसवल्या तर प्रश्न सुटेल का? तिचा भाऊ पाच वर्षांचा आहे.
– एक वडील

उत्तर : तुमच्या मुलीने दात नीट घासले नाहीत म्हणून हे झालेले नाही, ही गोष्ट सर्वांत आधी तिला सांगा. एकाच गावातील अनेक मुलांना असे डाग असणे ही पिण्याच्या पाण्यातील जास्त फ्लोराइडची खूण असते, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात ते जास्त आढळते. खडकातील फ्लोराइड पाण्यात उतरते. विहीर जितकी खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास अधिक. पक्के दात जबड्याच्या आत घडत असतात तेव्हा हे पाणी पोटात गेले की एनॅमल सच्छिद्र घडते. म्हणून दात उगवतो तोच पांढुरका, आणि पुढे त्या छिद्रांत रंग शिरून तो तपकिरी होतो. अशा दातांवर लिंबू चोळल्याने डाग जात नाही, एनॅमल मात्र विरघळते. राखुंडीने ते घासले जाते. दोन्ही आजपासून बंद करा.

कॅप बसवू नका. सतराव्या वर्षी दाताच्या आतील नस अजून मोठी असते आणि इतका दात कापल्यास ती दुखावण्याचा धोका असतो. तिच्या दातांना यापेक्षा सौम्य उपाय आहेत आणि ते पायरीपायरीने करता येतात. तपकिरी डाग ब्लीचिंगने पुष्कळ फिके होतात, आणि भोवतालचा दातही उजळल्यामुळे पांढरे पट्टे कमी उठून दिसतात. वरवरचे डाग मायक्रोअब्रेजनने निघतात. यात सौम्य आम्ल आणि बारीक भुकटी यांनी एनॅमलचा अगदी पातळ थर दवाखान्यातच, रबराच्या पडद्याने हिरड्या सुरक्षित ठेवून, काढला जातो. त्यानंतरही पांढरे ठिपके राहिले तर रेझिन इन्फिल्ट्रेशन करतात. एनॅमलच्या छिद्रांत पाण्यासारखे पातळ रेझिन मुरवले की प्रकाश त्यातून शेजारच्या दातासारखाच जातो आणि ठिपका दिसेनासा होतो. ओला झालेला कागद पारदर्शक होतो, तसेच काहीसे हे आहे. जिथे खड्डे पडले आहेत तिथे काँपोझिट भरावे. शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार कमी खर्चात होऊ शकतात, आणि नागपूरचे महाविद्यालय तुम्हाला जवळचे आहे. डाग शंभर टक्के जातील असे आश्वासन कोणी दिले तर सावध राहा. परंतु चार हातांवरून पाहणाऱ्याला ते जाणवणार नाहीत इथपर्यंत बहुतेक मुलांचे दात आणता येतात.

तुमच्या मुलाची गोष्ट मात्र आजची आहे. त्याचे पक्के दात अजून घडत आहेत आणि आठव्या वर्षापर्यंत केलेली खबरदारी त्याच्या दातांवर दिसेल. पाणी ताबडतोब तपासून घ्या. भारतीय मानकानुसार लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. त्याच्या पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी पावसाचे साठवलेले पाणी, उथळ विहिरीचे तपासलेले पाणी किंवा फ्लोराइड काढणाऱ्या संयंत्राचे पाणी वापरा. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली आहे, आणि ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर ती गावपातळीवर राबवता येते. ही मागणी एकट्या घराने करण्यापेक्षा ज्यांच्या मुलांचे दात असे आहेत अशा सर्व पालकांनी ग्रामसभेत करावी, असे मला मनापासून वाटते. दात हा दिसणारा भाग आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात राहिले तर हाडे आणि सांधेही आखडतात.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. तीन-चार वर्षांपासून वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट पडली असून ती वाढते आहे, एक दात लांबही दिसतो. पूर्वी मी मशेरी लावत असे, आता कमी केली आहे. मुलगी म्हणते की सिमेंट भरून फट बुजवून घे. स्केलिंगने दात हलतात असे ऐकल्यामुळे ते कधी केलेले नाही.
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या फटीकडे सौंदर्याचा प्रश्न म्हणून आत्ता पाहूच नये. लहानपणापासून असलेली फट ही दातांची ठेवण असते, पण पन्नाशीत नव्याने पडलेली आणि वाढणारी फट म्हणजे दाताखालचे हाड झिजत असल्याची सूचना असते. हाडाचा आधार कमी झाला की जिभेच्या आणि खालच्या दातांच्या रेट्याने पुढचे दात पंख्यासारखे फाकतात आणि हिरडी वर सरकल्यामुळे लांब दिसू लागतात. अशा हलत्या दातांमध्ये भरण घातले तर ते काही महिन्यांतच निखळेल. ते टिकले तरी त्याच्या कडेला अन्न अडकून आजार वाढेल.

स्केलिंगने दात हलतात, हा समज मी रोज ऐकते. तो कुठून आला तेही मला कळते. हाड झिजलेले असते आणि किटणाचा कडक थर दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की आधीपासून सैल असलेला दात सैल जाणवतो, सूज उतरल्यामुळे फटी दिसतात, आणि दोष स्केलिंगवर येतो. किटण तसेच राहिले तर मात्र दात नक्की जातो.

दंतवैद्यांकडे गेल्यावर एक्स-रे काढून घ्या आणि प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजायला सांगा. बारीक, खुणा केलेली सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये सरकवून ती मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत खोली ठीक, पाच-सहा असेल तर आतपर्यंत सफाई करावी लागते. रक्तातील साखरही तपासून घ्या, कारण मधुमेहामुळे हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. मशेरी कमी केली असे तुम्ही लिहिता. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, तेव्हा ती पूर्ण थांबवावी लागेल. गालाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेखाली पांढरा अथवा लाल चट्टा, न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्ण उघडण्यास त्रास असेल तर तो तपासणीच्या वेळी आपण होऊन दाखवा.

हिरड्या बऱ्या झाल्या, रक्त येणे थांबले आणि काही महिने तसेच राहिले, की मग फट बुजवण्याचा विचार करता येईल. सौम्य दाबाने दात मागे आणून आतल्या बाजूने बारीक तारेने बांधून ठेवता येतात, आणि उरलेल्या फटीत काँपोझिट चालते. मुलीला सांगा की तिची सूचना चुकीची नाही, फक्त तिची पाळी शेवटी आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन पक्क्या दातांमध्ये मोठी फट असून दात बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. लगेच तार लावावी का?
– एक आई, ठाणे

उत्तर : बहुतेक मुलांमध्ये आठव्या ते अकराव्या वर्षांदरम्यान असे दिसतेच, कारण उगवू घातलेले सुळे बाजूच्या दातांच्या मुळांना ढकलत असतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की फट बहुधा आपोआप मिटते. तरीही एकदा एक्स-रे काढून मध्ये एखादा जादा दात अडकलेला नाही ना, हे पाहून घ्या, आणि ओठाची आतील शीर दातांच्या मध्यापर्यंत जाडसर उतरली आहे का तेही तपासायला सांगा. दोन्ही नसेल तर थांबावे. दात कितीही पुढे आलेले असोत, ‘तुझे दात कसे दिसतात’ असे त्याच्यासमोर म्हणू नका.

प्रश्न : बाराव्या वर्षी कबड्डी खेळताना माझ्या समोरच्या दाताला मार लागला होता. दात शाबूत आहे, पण हळूहळू करडा झाला. आता वय ३१. कॅप हाच उपाय आहे असे सांगण्यात आले.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दात शाबूत असेल तर कॅप हा एकच उपाय नाही आणि पहिला तर नाहीच. मार लागल्यावर आतील नस मेली की रक्तातील रंगद्रव्ये डेंटीनमध्ये मुरतात आणि दात आतून काळवंडतो. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग आहे का ते पाहून आधी रूट कॅनॉल करावे. नंतर त्याच छिद्रातून दाताच्या पोकळीत ब्लीचिंगचे औषध ठेवून ते बंद करतात, आठवड्याने बदलतात, आणि दोन ते चार वेळांत दात शेजाऱ्याच्या रंगाला येतो. या वेळी मुळाच्या तोंडाशी औषध खाली झिरपू न देणारा थर घालणे आवश्यक असते, नाहीतर पुढे मूळ बाहेरून झिजू शकते. तो घालणार का, हे विचारून घ्या. रूट कॅनॉल केलेल्या दाढेला कॅप लागते, कारण तिच्यावर चावण्याचा भार येतो. पुढचा दात भरपूर शिल्लक असेल तर त्याला नुसते भरण पुरते. काही वर्षांनी रंग थोडा परत येऊ शकतो, पण तेव्हा हेच पुन्हा करता येते आणि तुमचा दात तुमच्याजवळ राहतो.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. दोन आठवड्यांच्या रजेवर पुण्याला येत आहे. पंधरा वर्षांपूर्वी बसवलेल्या पुढच्या दोन कॅपच्या कडेला काळी रेषा दिसू लागली आहे, ती बदलायची आहे. बाकीचे दातही पांढरे करायचे आहेत, आणि पडलेल्या एका दाढेच्या जागी इम्प्लांट हवे आहे. दोन आठवड्यांत सगळे होईल का?
– एक वाचक

उत्तर : सगळे होणार नाही. जे होईल, ते येण्यापूर्वीच्या तयारीवर अवलंबून आहे.

काळी रेषा ही जुन्या कॅपच्या आतील धातूची कड आहे. हिरडी थोडी वर सरकली की ती उघडी पडते. तिच्याजागी धातूविरहित सिरॅमिकची, झिर्कोनियाची किंवा लिथियम डायसिलिकेटची कॅप बसवता येते आणि त्यात अशी रेषा येत नाही. परंतु सिरॅमिकचा रंग भट्टीतून निघाला तसाच राहतो, ब्लीचिंगने तो बदलत नाही. त्यामुळे बाकीचे दात उजळायचे असतील तर ते आधी उजळून, रंग स्थिर होऊ देऊन, मगच कॅपचा रंग निवडला पाहिजे. यासाठी तुम्ही तिकडच्याच दंतवैद्यांकडून स्केलिंग आणि साच्यांचे ब्लीचिंग करून घ्या आणि ते निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी संपवा. जुन्या कॅपखालच्या दातांचे एक्स-रे इकडे आगाऊ पाठवा, म्हणजे आत कीड आहे का आणि जुने रूट कॅनॉल पुन्हा करावे लागेल का, हे तुम्ही विमानात बसण्यापूर्वी कळेल. आल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या कॅप काढून तात्पुरत्या बसवल्या, तर त्या सात-आठ दिवस वापरून पाहता येतात. घरी आईशी बोला, जेवा, हसा, आणि लांबी खटकली तर ती तात्पुरत्या कॅपवरच दुरुस्त करून घ्या, कारण प्रयोगशाळा तिच्याच मापाने पक्की कॅप बनवते.

इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे कृत्रिम मूळ, या रजेत बसवता येईल, हाड पुरेसे असेल तर. मात्र ते हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि त्यावरचा दात पुढच्या रजेत बसेल. तत्पूर्वी घाईने दात बसवून देऊ असे कोणी म्हणाले तर दाढेच्या बाबतीत ते मान्य करू नका, कारण चावण्याचा सर्वाधिक भार तिथेच येतो.

रंग निवडण्याच्या दिवशी सकाळची वेळ घ्या आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसून निवडा. हे काम तोंडात काहीही सुरू करण्याआधी करायचे असते, कारण तोंड उघडे राहून दात सुकले की ते काही काळ असतात त्याहून पांढरे दिसतात आणि त्या रंगाने केलेली कॅप पुढे वेगळी उठून दिसते. निवडलेल्या रंगाचा क्रमांक, कॅपचा पदार्थ, आणि इम्प्लांट असेल तर त्याचे नाव आणि माप एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पासपोर्टसोबत ठेवा. तिकडे एखादी कड उडाली तर तिथल्या दंतवैद्यांना नेमके हेच विचारावे लागेल.